इंटरसेप्टर ६५०ला नवीन टायर आणि पुढच्या शॉकअपचं किट: खान्देशातल्या रस्त्यांवर चालवून लिहिलेला रिव्ह्यू

मंडळी, ज्यांच्याकडे रॉयल एनफिल्डची ६५० सीसीची बाइक आहे आणि जे जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात गाडी चालवतात त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण पुण्या-मुंबईकडच्या लोकांचे रिव्ह्यू भरपूर वाचायला मिळतात पण आपल्याकडचा रस्ता वेगळा, आपल्याकडचं ऊन वेगळं, आणि काळ्या मातीवरचं डांबर दोन पावसाळ्यात कशा लाटा मारतं हे त्यांना अनुभवाने माहीत नसतं. निकाल आधीच सांगून टाकतो. पिरेली फँटम स्पोर्ट्सकॉम्प टायरची जोडी आणि वायएसएस कंपनीचं पुढच्या फोर्कचं (म्हणजे पुढच्या शॉकअपचं) किट, दोन्ही मी परत घेईन. पण दोन्ही एकाच दिवशी बसवू नका. आधी टायर बदला, थोडे दिवस तसेच चालवा, गाडी काय सांगते ते ऐका, आणि मगच फोर्क उघडा. एकदम सगळं बदललं की कशाने काय फरक पडला ते कधीच कळत नाही आणि पुढे काही खटकलं तर नेमकं कुठे हात घालायचा तेही कळत नाही.

गाडी २०१९चं मॉडेल, स्पोकची चाकं, नाशिकहून सेकंडहँड घेतलेली. इंजिनबद्दल बोलायची गरज नाही, ६४८ सीसीचं ट्विन (दोन सिलिंडरचं) आहे, तिसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की ट्रक मागे. फ्रेमचं काम हॅरिस परफॉर्मन्सचं आहे, ही इंग्लंडची रेसिंगच्या फ्रेम बनवणारी जुनी कंपनी, रॉयल एनफिल्डने २०१५ मध्ये ती विकतच घेतली. म्हणजे गाडीचा सांगाडा मुळात वळणात घालायच्या लायकीचा आहे, आणि म्हणूनच ती वळणात घाबरवायला लागली तेव्हा मला खात्री होती की दुखणं फ्रेममध्ये नाही, जे झिजतं त्याच्यात आहे.

आधीच्या मालकाने पहिली कंपनीची जोडी संपल्यावर कुठल्यातरी कडक रबराचे टायर टाकले होते, नाव लिहीत नाही. नक्षी अजून बरीच बाकी होती, लांबून बघितलं तर कोणीही म्हणेल अजून वर्षभर चालतील. पण मागचा टायर मधून पूर्ण चपटा. आपल्याकडे हे सगळ्यांचं होतं बघा, धुळे-सुरत हायवे घ्या नाहीतर जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जा, रस्ता सरळच्या सरळ, गाडी तासन्‌तास टायरच्या मधल्या तीन बोटांवरच चालते, कडा नव्याच्या नव्या राहतात आणि मध्य घासून सपाट होतो. मग घाटात गाडी झुकवायला गेलं की आधी ती झुकतच नाही, अडते, आणि मग त्या सपाट भागाची धार ओलांडली की एकदम आत पडते. हे एकदम आत पडणं फार वाईट. हात आपोआप हँडल धरून ठेवतात, खांदे दुखायला लागतात, आणि माणूस समजतो की आपल्यालाच वळण घेता येत नाही.

शिवाय पुढचा ब्रेक जरा जोरात लावला की पुढचं तोंड खाली जायचं आणि तिथेच बसून राहायचं. स्पीडब्रेकरवरून उतरताना खटकन ठोकर लागायची. ऐंशी-नव्वदच्या स्पीडला रस्त्याला लांबट भेग आली, जुन्या आणि नव्या डांबराचा जोड आला, की हँडल बोटभर इकडे तिकडे व्हायचं.

खर्चाला हात घालायच्या आधी फुकटातल्या किंवा चहाच्या पैशातल्या गोष्टी बघून घ्या, हे मी अगदी कळकळीने सांगतो. हवा. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग). स्पोक. चाकाचे बेअरिंग. गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक हवेत करा, खालून फोर्कचे पाय धरून पुढे मागे हलवा, खडखड जाणवली तर कोनसेट ढिला आहे. हँडल एका बाजूकडून दुसरीकडे हळू फिरवताना मधोमध खाच लागल्यासारखं थांबलं तर बॉलरेस (कोनसेटमधल्या गोळ्यांच्या वाट्या) खराब आहेत, ते बदलल्याशिवाय दुसरं काहीही करून उपयोग नाही. मागचं चाक धरून आडवं हलवून बघा, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) बुश गेला असेल तर तिथे कळतं. माझ्या गाडीत कोनसेट थोडा ढिला निघाला, तो टाइट केल्यावर हँडलची थरथर थोडी कमी झालीच. काही जणांची गाडी एवढ्यावरच सुधारेल आणि त्यांचे पैसे वाचतील.

आता टायर. इंटरसेप्टरची साइज पुढे १००/९०-१८ आणि मागे १३०/७०-१८, दोन्ही अठरा इंची. सुरुवातीच्या ६५० गाड्यांना कंपनीकडूनच पिरेली फँटम स्पोर्ट्सकॉम्प यायचे. माझ्या गाडीला मुळात तेच होते पण मला ते कधी चालवायला मिळाले नव्हते. मी मुद्दाम तीच साइज आणि तीच जोडी घेतली. आपल्याकडे मागचा टायर एक नंबर जाड टाकायची फार हौस आहे, मागून भारदस्त दिसतो म्हणून. रिम तेवढीच राहते आणि टायर रुंद येतो, मग तो रिममध्ये चिमटला जातो, त्याचा गोल आकार बदलतो आणि गाडी वळायला जड होते. दिसण्यासाठी करायचं असेल तर तुमची मर्जी, पण चालवण्यासाठी करत असाल तर करू नका. पुढे एका कंपनीचा आणि मागे दुसऱ्याच घडणीचा टायर असंही नको, जोडी जोडीनेच बनवलेली असते.

घेताना डेट कोड बघा. टायरच्या बाजूला लांबट गोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. दुकानदाराने तोंडी सांगितलेलं धरू नका, स्वतः टॉर्च मारून वाचा. आपल्याकडे ६५०च्या टायरला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे माल पडून राहायची शक्यता जास्त, आणि पत्र्याच्या गोडाऊनमध्ये भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पडून राहिलेला टायर नवा असला तरी रबर कडक होत जातं. मी दुकानदाराला आधीच फोनवर सांगितलं की कोडचा फोटो पाठवा मग पैसे पाठवतो, त्याने पाठवला, काही कटकट केली नाही. भाव लिहीत नाही कारण सतत हलतो, घ्यायच्या दिवशी दोन-तीन ठिकाणी विचारा.

बसवताना ट्यूब आणि आतली रिमपट्टी पण नवीनच टाका. एवढा महाग टायर घेऊन जुनी ट्यूब तशीच टाकणारे लोक मी बघितलेत, आणि स्पोकच्या चाकात पुढचा टायर स्पीडमध्ये एकदम बसला तर काय होतं ते मी वेगळं सांगायला नको. टायरवर बाणाची खूण असते, चाक कुठल्या बाजूने फिरणार ते बघूनच चढवायचा. चढवल्यावर रिमच्या कडेला टायरची जी बारीक रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका जागी आत आणि एका जागी बाहेर असेल तर टायर नीट बसलेला नाही, हवा सोडून साबणाचं पाणी लावून परत भरायची. आमच्या पंक्चरवाल्या दादांनी दोनदा हवा सोडली, तिसऱ्यांदा दोन्हीकडून टक टक असा आवाज आला आणि रेघ सरळ झाली. चाक उघडलेलंच होतं म्हणून स्पोक टाइट करून रिमचा आऊट (वाकडेपणा) पण काढून घेतला.

नवीन टायरवर फॅक्टरीतला गुळगुळीत थर असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सांभाळून. मी हा वेळ पाचोरा-भडगाव रस्त्यावर काढला, मोकळी वळणं आहेत, घाई नाही, हळूहळू दोन्हीकडे थोडं थोडं जास्त झुकवत गेलो.

आणि मग फरक. पहिला फरक हा की गाडी झुकायला लागली तर झुकतच राहते, मध्ये अडत नाही, एकदम पडत नाही. जेवढं हँडल दाबलं तेवढीच वळते. हे वाचायला साधं वाटतं पण एवढ्यानेच माझे खांदे सैल झाले. दुसरा फरक ओल्या रस्त्यावर. पहिल्या पावसात आपल्याकडे रस्त्यावर चार महिन्यांची धूळ, डिझेल, तेल असं सगळं एकत्र भिजून जो बुळबुळीत लेप होतो तो सगळ्यांना माहीत आहे, त्यात शेतातून बाहेर येणारे ट्रॅक्टर चाकाला काळी माती घेऊन येतात आणि डांबरावर पसरवतात. जुन्या कडक टायरवर मी अशा ठिकाणी जीव मुठीत धरून जायचो. फँटमवर ब्रेक लावल्यावर एबीएसची (ब्रेकमध्ये चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) धडधड उशिरा येते, म्हणजे टायर रस्ता जास्त वेळ धरून ठेवतो. काळ्या मातीच्या चिखलावर मात्र हे रस्त्याचे टायर आहेत हे विसरू नका, नक्षी भरली की जगातला कुठलाही रोड टायर घसरतो, तिथे सावकाशच जायचं.

उन्हाचा विषय वेगळा लिहायलाच हवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास खेळतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. टायरमधली हवा तापली की दाब वाढतो, साधारण दर सहा डिग्रीला एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). म्हणजे पहाटे बत्तीस भरलेली हवा दुपारी पळवून आणल्यावर पस्तीस-छत्तीस दाखवू शकते, आणि ते बरोबरच आहे, कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेला आकडा थंड टायरचा असतो. पंपावरचा पोरगा दुपारी मशीन लावतो, जास्त आहे म्हणतो आणि हवा सोडतो, मग संध्याकाळी टायर थंड झाला की दाब कमी, गाडी जड, कडा लवकर झिजणार. शंभर-दोनशे रुपयांचा पेनासारखा गेज मिळतो, तो घ्या, सकाळी उन्हाच्या आधी घरीच मोजा. टायरवर हजारो घालून हवा अंदाजाने ठेवणं मला पटत नाही.

टायरवर थोडे दिवस चालवल्यावर एक गोष्ट अगदी स्वच्छ कळली. वळणातली भीती टायरची होती, ती गेली. पण ब्रेकमध्ये तोंड खाली जाणं, ब्रेकरवरची ठोकर आणि लाटांच्या रस्त्यावरची डुलणी तशीच राहिली. ते फोर्कचं होतं.

इंटरसेप्टरचा पुढचा फोर्क ४१ मिमीचा साधा टेलिस्कोपिक, ११० मिमीचा ट्रॅव्हल (म्हणजे फोर्क जास्तीत जास्त तेवढा दबतो), बाहेरून काहीही ॲडजस्ट करायची सोय नाही. कंपनी गाडी सगळ्या देशासाठी बनवते, साठ किलोचा माणूस पण घेणार आणि शंभर किलोचा पण, त्यामुळे स्प्रिंग मधल्या वजनाची असते. माझं वजन नव्वदच्या वर, त्यात मागे बायको, त्यात बॅग. आता ११० मिमी ट्रॅव्हलमध्ये स्वार बसल्यावर साधारण एक तृतीयांश, म्हणजे तीस-पस्तीस मिमी फोर्क खाली बसलेला असावा, याला सॅग म्हणतात. हे घरी मोजता येतं. पुढचं चाक हवेत असताना एक्सलपासून (चाकाच्या दांड्यापासून) खालच्या क्लॅम्पपर्यंतचं (फोर्क धरणाऱ्या पट्टीपर्यंतचं) माप टेपने घ्या, मग हेल्मेट-जॅकेट घालून गाडीवर नेहमीसारखं बसा, दुसऱ्याला गाडी धरायला आणि तिसऱ्याला तेच माप परत घ्यायला सांगा. दोन्हीतला फरक म्हणजे तुमचा सॅग. माझा निम्म्या ट्रॅव्हलच्या जवळ निघाला! म्हणजे गाडी उभी असतानाच अर्धा फोर्क वापरून झालेला, उरलेल्या अर्ध्यात ब्रेकपण सांभाळायचा आणि खड्डापण. ठोकर लागणारच ना.

दुसरी अडचण आतल्या रचनेची, आणि ही बहुतेक सगळ्या साध्या फोर्कची आहे. आत एक पोकळ दांडी असते, डॅम्पर रॉड, तिला ठरावीक भोकं, त्यातून तेल जातं येतं. भोकं तीच राहतात. फोर्क हळू दबतो तेव्हा तेल आरामात निघून जातं म्हणून ब्रेकमध्ये तोंड खाली जातं, आणि खड्ड्यात फोर्क झटक्यात दबतो तेव्हा तेवढं तेल तेवढ्याच भोकातून निघत नाही म्हणून तो कडक होऊन धक्का थेट मनगटाला देतो. एकाच वेळी मऊ आणि कडक. नुसतं जाड तेल टाकलं तर ब्रेक सुधारतो आणि खड्डा बिघडतो, पातळ टाकलं तर उलटं. वायएसएस थायलंडची कंपनी आहे, त्यांच्या किटमध्ये स्प्रिंग आणि पीडी व्हॉल्व्ह येतात. हा व्हॉल्व्ह डॅम्पर रॉडच्या डोक्यावर बसतो, त्याला स्वतःची छोटी स्प्रिंग असते, हळू हालचालीत तो तेल अडवून धरतो आणि मोठा झटका आला की उघडून तेलाला वाट देतो. रॉडची मूळ भोकं मोठी करावी लागतात म्हणजे अडवायचं काम रॉड सोडून देतो आणि व्हॉल्व्ह करतो. याच्याहून महाग पूर्ण कार्ट्रिज (फोर्कच्या आतली सगळी रचनाच बदलणारे संच) पण मिळतात, ट्रॅकवर जाणाऱ्यांनी जरूर घ्यावीत, आपल्या वापराला मला गरज वाटली नाही.

काम जळगावातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे केलं. नाव लिहू नका असं ते स्वतःच म्हणाले, एकटेच काम करतात आणि गर्दी त्यांना झेपत नाही. मी दिवसभर तिथेच बसून होतो आणि हा माणूस कसा काम करतो ते बघण्यासारखं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी स्टँडवर घ्यायच्या आधीच त्यांनी वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल करून फोर्कच्या टोप्या अर्धा आटा फिरवून ठेवल्या, फोर्क बाहेर काढल्यावर त्या टोप्या पाना लावून सुटता सुटत नाहीत म्हणून. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) काढला तो पाइपवर लोंबकळत सोडला नाही, तारेने वर बांधला, दोन पॅडच्या मध्ये लाकडाची चिपटी घातली आणि मला सांगितलं, भाऊ आता ब्रेकला हात लावू नका. एबीएसची वायर बाजूला काढून तिच्यावर कापड गुंडाळलं. मग पहिला पाय उलटा केला. जे बाहेर आलं ते तेल म्हणावं असं नव्हतं, काळपट, त्यात राखाडी चमकणारी बारीक धातूची पूड, आणि वास कुजका. मिस्त्रींनी दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "हाई तेल नही शे भाऊ, डांबर शे डांबर." २०१९पासून ते तेल कोणी बदललेलंच नव्हतं. इंजिन ऑइल आपण सगळे वेळेवर बदलतो, फोर्कच्या तेलाची आठवण सील फुटल्याशिवाय कोणाला येत नाही.

दोन्ही पाय खोलून रॉकेलने धुतले, हवा मारून सुकवले, ऑइल सील आणि डस्ट सील नवीन टाकले. रॉडची भोकं किटच्या कागदाप्रमाणे ड्रिलने मोठी केली आणि त्यानंतर गोल कानसीने आतली बाहेरची कड इतका वेळ घासली की मला वाटलं पुरे आता, पण ते बोट घालून बघायचे आणि परत घासायचे. बारीक कीस जरी राहिली तरी ती तेलात फिरून बुश खाते असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे. तेल किटसोबत सांगितलेल्या ग्रेडचं फोर्क ऑइलच. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फोर्कमध्ये सरळ २०डब्ल्यू४० इंजिन ऑइल ओततात, तुमच्या समोर कोणी असं करत असेल तर हात धरा, ते या कामासाठी बनलेलंच नाही, फेस येतो आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात वागणूक बदलते. दोन्ही पायात तेल मापाने मोजून ओतलंच, पण मग फोर्क पूर्ण दाबून, स्प्रिंग बाहेर ठेवून, वरच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं आणि दोन्हीकडे सारखं केलं. एका पायात थोडं जास्त होतं ते सिरिंजला नळी लावून ओढून काढलं. ह्या अंतराला एअर गॅप म्हणतात, ते कमी-जास्त असेल तर दोन पाय दोन तऱ्हेने वागतात.

चाक बसवताना एक गोष्ट त्यांनी केली ती घरी काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवा. एक्सल टाइट केला पण खालचा पिंच बोल्ट (एक्सलला फोर्कच्या पायात आवळून धरणारा) सैल ठेवला, गाडी जमिनीवर उतरवून पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा जोरात दाबला, दोन्ही पाय आपापल्या सरळ रेषेत आले, मग पिंच बोल्ट टॉर्क पान्याने टाइट केला. हे केलं नाही तर पाय एकमेकांना चिमटून राहतात आणि नवं महागडं किट अडकत अडकत चालतं.

सॅग परत मोजला, पस्तीसच्या आसपास आला.

आता चालवून कसं वाटलं. जळगावात आकाशवाणी चौकापर्यंत आलो तेव्हा पहिल्यांदा वाटलं गाडी कडक झाली, छोटे ब्रेकर आधीपेक्षा जास्त जाणवत होते. हायवेला लागल्यावर चित्र पालटलं. एरंडोलच्या पुढे जिथे डांबराला लाटा आहेत तिथे आधी गाडी एका लाटेवरून दुसरीवर झोके घेत जायची, आता दबते, वर येते आणि तिथेच थांबते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते त्यामुळे आपल्याकडचे रस्ते कितीही वेळा केले तरी अशा लाटा येतच राहतात, म्हणून माझ्या मते खान्देशात खड्ड्यांपेक्षा ह्या लाटांसाठी फोर्क नीट असणं जास्त गरजेचं आहे.

खरी परीक्षा कन्नड घाटात. चाळीसगाव सोडल्यावर औट्रम घाटाची (कन्नड घाटाचंच दुसरं नाव) चढण लागते, अवजड गाड्यांना बंदी घातल्यापासून घाट बराच मोकळा मिळतो. चढताना फारसं काही कळत नाही, उतरताना कळतं. उताराला सगळं वजन पुढे, त्यात वळणाच्या तोंडाशी ब्रेक. आधी फोर्क पूर्ण बसलेला असायचा, त्यामुळे वळणात मध्ये खडबडीत डांबर आलं की चाक टणाटण उड्या मारत बाहेर सरकायचं. आता ब्रेक लावला की तोंड खाली जातं, पण मापात, आणि अजून जागा शिल्लक राहते. एका उजव्या वळणावर मध्यभागी डांबर उखडून खडी वर आलीय, तिथे मी मुद्दाम तीच रेघ धरली. चाक खडीवरून गेलं, मनगटाला फक्त हलकं टक जाणवलं, आणि गाडी आहे त्या रेषेतच राहिली. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने "वाह" म्हणालो, खरंच. चाळीसगावला परत येऊन शेवभाजी मागवली तर बायकोने आपणहून सांगितलं की आज मागे बसून मान दुखली नाही, ब्रेक लावला की तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आपटायचं ते बंद झालं. तिला किटबद्दल मी काही बोललो नव्हतो, म्हणून ह्या शेऱ्याला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन द्या.

नंतर शहादामार्गे तोरणमाळला पण नेली. सातपुड्यातला तो चढ म्हणजे एकामागून एक घट्ट वळणं, स्पीड कमी, गिअर पहिला-दुसरा. तिथे श्रेय टायरला जास्त आहे. हळू स्पीडला गाडी पूर्ण वळवताना गोल टायर जी साथ देतो ती कुठलाही फोर्क देऊ शकत नाही.

न आवडलेल्या गोष्टी पण सांगतो. गावात, म्हणजे तीस-चाळीसच्या स्पीडला, एकट्याने चालवताना पुढची बाजू आधीपेक्षा थोडी घट्ट लागते. तुमचं वजन साठ-पासष्ट असेल, एकटेच फिरत असाल, तर तुम्हाला ही स्प्रिंग जास्तच वाटू शकते, तुम्ही आधी फक्त नवीन फोर्क ऑइल आणि सील करून बघा, मला वाटतं अर्धा फरक तर तिथेच पडेल. दुसरं म्हणजे पुढचं सुधारल्यावर मागच्या शॉकअपची उणीव लगेच उघडी पडते. मागे ट्रॅव्हल फक्त ८८ मिमीचा, दोन माणसं आणि सामान असलं की मोठ्या ब्रेकरवर आता मागून ठोकर लागते, आधीही लागतच असेल पण पुढच्या आवाजात कळत नव्हती. सध्या मागचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) दोन खाचा वाढवून काम चालवतोय, तेवढ्याने बरंच सावरलं. टायरबद्दल तक्रार म्हणावी अशी एकच, पकड हवी तर रबर मऊ असणार आणि रबर मऊ असेल तर हायवेला मध्य लवकर झिजणार. रोज धुळे-जळगाव अपडाऊन करणाऱ्याने हा हिशोब मनात धरूनच घ्यावा. वर्षभर शंभरच्या स्पीडने सरळच जायचं असेल आणि घाट वर्षातून एखाद्या वेळी असेल तर थोडा कडक, जास्त चालणारा टायर पण चुकीचा नाही, फक्त पावसात तो काय देतो ते विचारून घ्या.

पैसे एकाच कामाचे असतील तर टायर. यात माझ्या मनात काहीच शंका नाही. टायर गोटा (नक्षी पूर्ण घासलेला) किंवा चपटा झालेला असताना फोर्कवर केलेला खर्च रस्त्यापर्यंत पोचतच नाही.

मिस्त्रींकडे किंवा तुमच्या ओळखीच्या कोणाकडेही हे काम करायचं तर पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि किट, सील, तेल सगळं हातात आल्यावरच गाडी लावा, सील मागवायला गाडी आठवडाभर खोलून पडली असं माझ्या एका मित्राचं झालंय. टॉर्क पाना आणि तेल मोजायची पट्टी आहे का हे आधी विचारा, नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. मजुरीत घासाघीस करू नका, माझ्या मिस्त्रींनी मागितले तेवढे मी दिले. आणि काम झाल्यावर पहिल्या चार-पाचशे किलोमीटरनंतर एकदा पिंच बोल्ट, कॅलिपरचे बोल्ट आणि सीलच्या कडेला तेलाचा ओलावा आहे का ते बघून घ्या, बोटाने पुसून बघितलं तरी कळतं.